किमान

तार्तूच्या अभिलेखागारात मी खोकी वाहतो.
वाचणं माझं काम नाही.
तरी अठरा वर्षांत एवढं कळलंय
की खोटं लिहिताना माणूस
अक्षर जरा बरं काढतो.

विर्वे ऑक्टोबरपासून तेच टेबल धरून आहे,
हीटर गळतो तिथलं.
तिला एकच आकडा हवाय:
सव्वीस सालच्या मार्चमध्ये
गोठलेल्या समुद्रावरून बेटाकडे निघालेल्या स्लेजगाड्या
बर्फ फुटून बुडाल्या,
माणसं किती गेली?

पाच पुस्तकं म्हणतात चाळीस.
पाचवं चौथ्याचा हवाला देतं, चौथं तिसऱ्याचा.
ती दोर सोडत सोडत तळाशी पोचली.
तिथे एक वर्तमानपत्र, तेही टाल्लिनचं,
आणि त्याचा बातमीदार तो सगळा आठवडा
दाढदुखीने घरी. रजेचा अर्जही सापडला तिला.
आडातच नव्हतं,
पोहरे मात्र पाचही भरून आलेले.

चर्चची वही म्हणते चार.
पण पाद्री आपल्याच कळपातले मोजायचा,
पलीकडच्या गावचे ऑर्थोडॉक्स
त्याच्या शाईत बुडतच नसत.

मग कॅसेटवरच्या हिल्याबाई:
घोडे किंचाळले ते मी या कानांनी ऐकलं.
बाईंचा जन्म त्याच वर्षीचा, ऑगस्टचा.
विर्वेने टेप तीनदा मागे नेली.
खोटं नाही बोलत गं या, म्हणाली स्वतःशीच,
हे कान आईचे आहेत.

काल मी खोकं चुकलो.
चौदाऐवजी एकेचाळीस आणलं:
प्रीडू नावाच्या दुकानदाराची उधारीची वही.
फळ्या, खिळे, काळी फीत.
फळ्या, खिळे, काळी फीत.
एकाच आठवड्यात सात वेळा.
एका ओळीपुढे नुसतं, "फळ्या आखूड".

या वहीला कुणाला काही पटवायचं नव्हतं.
पैसे तेवढे वसूल करायचे होते.

मी न राहवून विचारलं, मग सात?
ती बराच वेळ त्या आखूड फळ्यांकडे बघत राहिली.
"फळ्या सापडलेल्यांनाच लागतात," म्हणाली.

पेन्सिलीने सात लिहिलं,
आणि त्याच्या आधी, जागा नसताना,
बारीक अक्षरात कोंबलं: किमान.

सहा वाजता खोकं जागेवर ठेवलं.
नोंदचिठ्ठीवर तिचं नाव, तारीख, वेळ लिहिली.
"चुकून आणले" लिहायचं होतं.
"मागणीनुसार" लिहिलं.
अक्षर, का कोण जाणे,
नेहमीपेक्षा बरं आलं.