चार पाऊण तीन

माझ्या गावाकडे पाणी म्हणजे टँकर,
आणि टँकरमागे धावणारी हंड्यांची रांग.
म्हसवडहून बदली होऊन आलो तेव्हा
निवतीच्या शाळेमागे समुद्र आहे
हे मी वहीत लिहून ठेवलं
गैरसोयींच्या यादीत,
गळक्या कौलांच्या खाली.

खिडक्या लावून शिकवायचो.
गाज वाढली की फळ्यावर खडू जोरात.

परिसर अभ्यास. पाण्यातले सजीव.
तक्त्यावर शार्क, तक्त्यावर बर्फात उभा पेंग्विन.
लवू खवणेकर उठला,
"गुरुजीनु, हो पक्षी खंयच्या बंदरार गावता?"
वर्ग हसला. मीही हसलो.
घरी जाताना उतारावर कळलं,
पोरं त्याला हसली नव्हती.

हा लवू, सात आठे विचारलं
की पंख्याकडे बघणारा.
भिंतीवरच्या कॅलेंडरात त्याने चौथ शोधली
आणि बोटांवर म्हणाला,
"चार पाऊण तीन. तीनाक भरती.
तीन नि सा, नऊ.
शनवारी नऊक सुकती. चला."
पाऊणकी मी कधी पाठच केली नव्हती.

शनिवारी नऊला
पाणी लवूने सांगितलं होतं तिथे जाऊन थांबलेलं.
बावीस पोरं, एक बादली, काखेत हजेरीपट.
खडपावर मी पहिला पाय टाकला
आणि दिविजा मेतर किंचाळली,
"थंय नुको! तां जितां आसा!"

मला नुसता दगड दिसत होता.

ती उकिडवी बसली. बोट न टेकवता दाखवत गेली.
ही कालवां, दार लावून बसलेली.
ह्यां फूल, पण फूल न्हंय, तेका पोट आसा.
हो शंख चालता, आतलो भाडेकरू वेगळो.
जोकिमने पापण्या भिजतील एवढं तोंड खाली नेलं
आणि श्वास धरून राहिला,
श्वासाने डबकं ढवळेल म्हणून.
ताटाएवढं डबकं.
त्यात सगळा पाठ होता
आणि पाठात नसलेलंही बरंच.

मी मात्र गुरुजीच.
तो भाडेकरू शंखासकट बादलीत घातला,
विज्ञान कोपऱ्यासाठी.
वर्गात आणून चिठ्ठीही लावली, निळ्या शाईत.

लवू बादलीपाशी उभा.
"आता पाणी चढतला.
आणि हो घरात नाय गावलो तर?"
"कोणाला नाही गावला?"
"भरतीक."

साडेअकराची घंटा झाली.
कोणीच दप्तर उचललं नाही.
आम्ही बादली दोन्हीकडून धरून परत गेलो.
पाणी घोट्याला लागत होतं.
कुठलंही डबकं चालेल, मी म्हटलं.
लवूने मान हलवली, चाचपत पुढे गेला,
ताटाएवढं ते शोधून काढलं,
मगच बादली तिरकी केली.
भाडेकरू तळाशी बसला. बराच वेळ.
मग एक पाय बाहेर.

खिडक्या आता उघड्या असतात.
खाऱ्या वाऱ्याने खडू ओले होतात,
तक्ते पोपडतात. चालायचंच.
माघात साहेब तपासणीला आले,
म्हणाले, दर पंधरवड्याला तासिका मागेपुढे?
वेळापत्रक ठरवतं कोण?
बावीस बोटं खिडकीकडे गेली.

साहेबांनी काय शेरा लिहिला, वाचलेला नाही.
सात आठे
लवूला अजून येत नाही.