संमिश्र

नेरूळच्या वाचनालयाचा वरचा हॉल,
साठ खुर्च्या, भाडं एकोणीसशे, पंखे धरून.
खजिनदार मी. म्हणून दाराशी बसतो,
कोण आलं, कोण मधेच उठलं, मला माहीत असतं.

पहिल्या तासात पाच गेले.
मग तो प्रसंग आला.

तालुक्याच्या गावातलं पत्र्याचं घर,
बाप जमिनीवर,
पाहुणे बघतात म्हणून तोंडात तुळशीपान आणि सोन्याचा मणी.
मणी उसना.
तिरडी बांधायला माणसं बाहेर जातात
आणि आई पोराकडे बघते. नुसती बघते.
पोरगा अकराचा असेल.
चार मिनिटं कॅमेरा हलत नाही.
जबडा तोवर आवळलेला असतो.

हॉलमध्ये कुणाच्या तरी पिशवीतलं प्लॅस्टिक वाजत राहिलं.
वारघडेबाई तोंडाला पदर लावून बेसिनकडे धावल्या.
आणखी सात गेले. त्यातलं एक जोडपं
जिन्यावरून परत वर आलं, "शंभर रुपये परत द्या."
दिले. सही घेतली.

दिवे लागल्यावर टिपणीस उभे राहिले,
बँकेतून निवृत्त, घसा खाकरून,
"दारिद्र्य आम्हीही पाहिलंय. पण असं कुणी करत नाही.
आपल्यात तर नाहीच.
हे बाहेरच्या महोत्सवांसाठी शिजवलेलं आहे."
मिथिला म्हणाली, "काका, तुम्ही डोळे मिटले होते."
ती त्या न हललेल्या कॅमेऱ्याबद्दल बोलत राहिली,
हातवारे करत, खरोखर डोळे भरून,
आणि एकदाही त्या पोराचं नाव तिच्या तोंडी आलं नाही.
हर्षल मढवी मागच्या रांगेतून,
"मणी केवढ्याचा असेल? अर्धा ग्रॅम?"
कुणी हसलं. तो हसत नव्हता.
त्याच्या आजोबांची खाचरं या सेक्टरखाली आहेत,
भाव विचारायची सवय त्या घराला तेव्हापासून.

कुणीतरी माझ्याकडे वळलं, "तुम्ही बोला की."
मी म्हणालो, हॉल साडेनऊला सोडायचाय.

काय बोलणार होतो?
की बोट आत गेल्यावर थंड लागत नाही
आपण समजतो तसं. कोरडं लागतं.
की आधी हाताला तुळशीपान येतं
आणि ते परत ठेवावं लागतं.
हे त्यांनी दाखवलं नाही.
टिपणीस, खोटं आहे ते एवढंच.

आणि मणी कुणाचा, हेही शेवटपर्यंत कळलं नाही.
दिग्दर्शकाला तो काढायचा होता,
परत द्यायचा नव्हता.

आमच्या बोळात हलिमाबी तांबोळी राहायची.
उजाडायच्या आत तिने लच्छा उसवून
एक मणी आईच्या तळहातावर ठेवला,
कशाला म्हणून विचारलं नाही.
संध्याकाळी आईने तो हळदीच्या पाण्यातून काढला
आणि माझ्याच हाती पाठवला.
तिने पदराच्या टोकाला गाठ मारली. म्हणाली, जेवलास?
मी मान हलवली, कुठल्या बाजूला ते आठवत नाही.
तिसऱ्या दिवशी वरणभाताचं पातेलं घेऊन दारात आली
तेव्हा लच्छा गळ्यात होता, पुरा,
आणि मी त्यातला तो एक ओळखायला बघत
गरम पातेलं धरून उभा राहिलो.
सगळे सारखे होते.

खुर्च्या मोजल्या. एकोणसाठ.
साठावी बेसिनपाशी सापडली,
वारघडेबाईंसाठी कुणीतरी नेलेली.
पंखे बंद केले. वही उघडली.
प्रतिसादाच्या रकान्यात लिहिलं, संमिश्र.
आणि खर्चाच्या बाजूला,
परत केले, शंभर.