खारबांध

बुधवारी साडेसातची तर.
डब्यात चार आइसपॅक, त्यांच्या कुशीत लशी,
शेजारी सोलकरांच्या टोपलीत बर्फावर बांगडे.
"सिस्टर, तुमचा बर्फ आधी वितळेल की माझा?"
दर बुधवारी हेच विचारतात.
दर बुधवारी मी डबा सावलीत ओढते.

पलीकडे वाडी. अंगणवाडीच्या पडवीत सुकटीचा वास,
सुईआधीच सुरू झालेली रडणी,
आणि तांदळाच्या डब्यात जपलेली, कोंडा लागलेली कार्डं.
आज एक कमी.

धाकू पावसे घरी नव्हता, बांधावर होता,
कोपरापर्यंत हात बिळात घालून.
"मागल्या खेपेला पोर रात्रभर तापलं," वर न बघता म्हणाला,
"माझी ओहोटी चुकली, होडी चिखलात बसली.
आणि गोवर आहे कुठं आता? तुम्ही तरी पाहिलाय?"

नाही पाहिला.
माझ्या आधीच्या बाईंनी पाहिला होता.
त्यांच्या वहीत फाल्गुनातला एक आठवडा आहे,
याच वाडीतली पाच नावं, प्रत्येकावर लाल रेघ,
चार सरळ,
पाचवी हललेली.

ते मी बोलले नाही. विचारलं, "बीळ केवढं?"
"अंगठ्याएवढं. कुर्लीचं.
उधाणाला तेवढं पुरतं, बाई.
एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं भात नाही,
माझ्याच नाही, सगळ्यांच्याच कुणग्यांत."
"आणि काशीआजी? तिला तर माती टाकायला येववत नाही."
"तिचा कुणगा पण ह्याच बांधाआड की."

मग तो गप्प झाला, चिखलाचा गोळा हातातच.
समोरच्या घरात जयूचं बाळ, अठरा दिवसांचं,
ज्याला गोवराची लस द्यायला अजून कितीतरी महिने आहेत,
नेमकं तेव्हाच रडलं.
त्याने ऐकलं असेल. नसेलही.
गोळा बिळात दाबून, वर टाच मारून म्हणाला,
"ओहोटी दोनला आहे. त्याच्या आत टोचा.
आणि तापाचं औषध आजच द्या, मागून नको."

माझ्या वहीत शेवटचा रकाना 'शेरा'.
तिथे काही लिहावं लागू नये
म्हणून मी एवढी खाडी ओलांडते.
सहा वर्षं तो कोरा आहे,
आणि कोऱ्या रकान्याचं कुणी कौतुक करत नाही,
वरिष्ठ तर विचारतात, भरायचा राहिला का?

परतीच्या तरीत टोपली रिकामी, डब्यात नुसतं पाणी.
"आज काय विशेष?" सोलकर विचारतात.
काही नाही, मी म्हणते.