दोन तिकिटं

प्रायाच्या काउंटरवरल्या मुलीनं
टॅगवर छापलं फक्त लिस्बन.
झुल्मिरा म्हणाली, अगं, मला लक्झेंबर्गला जायचंय, लेकीकडं.
तिकिटं वेगळी काढलीत, बाई.
पुढचं आम्हाला दिसत नाही.

लिस्बनला पट्टा फिरत राहिला.
दोरीनं आवळलेली तिची बॅग
सगळ्यांच्या मागून आली,
मक्याचे दाणे सांडत.

बाहेर पडा, वर जा, पुन्हा रांगेत.
काउंटर चार मिनिटांपूर्वी बंद.

तिनं बॅग आडवी केली, तिच्यावरच बसली.
बकरीच्या चीजचं फडकं सोडलं,
सुरी नाही म्हणून हातानंच तोडलं.
लादी पुसणाऱ्याला विचारलं, कुठला रे तू?
फोगो बेटावरचा.
घे मग.

मग लेकीला फोन:
पोचले गं.
तिकिटात होतं तिथपर्यंत.