कानाशी धरलेली बॅटरी

रात्री दीडनंतर एमआर-टेनचा तुकडा आमचा,
पहाटे पाचपर्यंत.
शंकू मांडून होतात, कढई तापते,
पांढरी पूड खिरीसारखी ओघळायला लागते.
रमसू डामोर गाडा ढकलतो. मागून त्याची बायको हुमली
ओल्या पट्ट्यावर काचेचे मणी पेरत चालते.
पेरणं हा तिचाच शब्द.
रव्याहून बारीक मणी. चपलेत जातात, पदरात जातात,
घरी भाकरीत कचकचतात म्हणे.

माझं काम त्यांच्या मागून.
रेषेवर डबा ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा लिहायचा.
पांढरी : तीनशे बारा.
पिवळी : एकशे अठ्ठ्याऐंशी.
गेल्या वर्षीची पिवळी, टायरांनी चाटलेली : एकशे चार.

"पिवळी कमी का भरते?"
मी रमसूला सांगते, पांढरा आल्या उजेडातलं
जवळजवळ काहीच ठेवून घेत नाही.
पिवळा त्यातलं निळं गिळतो, उरलेलं देतो.
"म्हणजे दलाली," रमसू म्हणतो.
आमच्या पुस्तकात हा शब्द नव्हता.

सोडियमचे दिवे होते तेव्हा
एवढाही भेद दिसायचा नाही,
सगळ्याच रेषा हळदीतून काढलेल्या.
रामबागेत आई अजून तसंच बघते.
मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढू देत नाही,
धुतलेलं पांढरं पातळ उन्हात धरून विचारते,
याला पिवळं काय लागलं गं?

हुमली एरवी बोलत नाही.
आज म्हणाली, तीन वर्षं पेरतेय,
तुम्ही म्हणता चमकतं,
मला तर कधी दिसलं नाही.

खरंच होतं.
मणी उजेड ज्याचा त्यालाच परत करतो.
देवासकडून ट्रक येतो, दिवे टाकतो,
त्याचं त्याला मिळतं, तो निघून जातो.
कडेला उभ्या बाईच्या वाट्याला धूळ.

मी माझी बॅटरी तिला दिली.
तिने ती कंदिलासारखी कमरेशी धरली.
तिथे नाही, वर. डोळ्याशेजारी.
कानाशी, मोबाईल धरतेस तशी.

ती वळली,
आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला.
रमसूने दोनदा हाक मारली, कढई थंडावत होती.
नंतर सांगत होती, पार पुलाच्या चढापर्यंत
कुणाची तरी बरणी फुटलीय, दूधच दूध.

मी तिच्यापासून चार पावलांवर होते.
मला डांबर दिसलं,
आणि त्यावर एक फिकट पट्टा.

बॅटरी तिने परत दिली नाही, मीही मागितली नाही.
पुढचा सगळा तुकडा ती तशीच चालली,
एक हात कानाशी, एका हाताने पेरत,
मान सारखी मागे.
मणी जरा वाकडे पडले.
तिथला आकडा दोनशे एक्क्याऐंशी.
तसाच लिहिला.