निरीक्षण वही

गळ्यातल्या ओळखपत्रावर माझ्या नावाखाली छापलंय : शिकाऊ.
बिस्माला एकदा वाचून दाखवलं,
तेव्हापासून तिला वाटतं, तेच माझं आडनाव.

सोमवार ते शुक्रवार पार्कसाइटच्या टेकडीवरची बालवाडी,
शनिवारी घाटकोपरला वर्ग,
फळ्यावर मेंदूचं चित्र, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं.
सात तारखेला खात्यात विद्यावेतन पडतं,
आईला सांगताना मी त्याला पगार म्हणते.

याआधी साकीनाक्याला
औषधांच्या पट्ट्या खोक्यात भरायचे. दहा, वीस, तीस.
एकही पट्टी कधी रडली नाही,
एकीनेही माझ्या ओढणीला नाक पुसलं नाही.

पहिल्या आठवड्यात वहीत लिहिलं :
लोचन हट्टी आहे. डबा खात नाही.
पेडामकर बाईंनी शिसपेन्सिल घेतली,
‘हट्टी’वर आडवी रेघ.
"हे तुझं मत झालं, पोरी. दिसलं काय, ते लिही."

दिसलं काय?
दुसऱ्या दिवशी चटईच्या कडेला बसले, मांडी घालून.
नऊ चाळीस. लोचन झाकण उघडतो.
नऊ एकेचाळीस. लावतो.
दाराकडे बघतो.
पुन्हा उघडतो. पोळीचा तुकडा तोडतो,
चड्डीच्या खिशात ठेवतो, वरून थोपटतो.
पायाला मुंग्या आल्या, तेही लिहिलं,
बाईंनी तेवढं खोडलं.

तीन दिवस हेच.
चौथ्या दिवशी मी त्याच्यामागून फाटकापर्यंत गेले.
बाहेर बापाची रिक्षा. लोचन मागे चढला,
खिशातून तुकडा काढून पुढे धरला : "भाडं."
बापाने तो तोंडात टाकला,
चावत चावत म्हणाला, "साहेब, सुट्टे नाहीत,"
आणि दोघे उतारावरून गेले.

मी तिथेच उभी. वही हातात, पेन नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं,
"एवढं भाड्याला काढून ठेवू, बाकीचं आपण खाऊ."
त्याने हिशेब केला, बराच वेळ.
मग खाल्लं.

सगळं असं जमत नाही.
रुद्रांशने मनगटाला चावा घेतला, तेव्हा मी ओरडले,
खिडकीतली कबुतरंसुद्धा उडाली.
वहीत ते लिहायला दोन दिवस लागले.
त्यातही आधी लिहिलं होतं, ‘थोडा आवाज चढला’.
रेघ.

आता घरीही शब्द अडतात.
आई खाष्ट आहे, असं मनात यायला लागतं
आणि कुठूनतरी शिसपेन्सिल येते.
रात्री दहा वीस. आई गॅसचा नॉब तपासते.
दहा बावीस. पुन्हा तपासते.
दहा तीस. माझ्या ताटावरचं झाकण उचलून बघते,
माझ्याकडे नाही.
पुढे काय लिहायचं, ते अजून शिकवलेलं नाही.

मूल्यमापनाच्या दिवशी तपासनीस मॅडम कोपऱ्यात बसल्या,
मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला.
मी कागदावर आखून आणलं होतं : रंगांची ओळख, वीस मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला हुजैफाने निळ्या पाण्याची बादली आडवी केली.
कागद भिजला. पुढचं सगळं भिजलं.

आठवड्याने शेरा हातात आला. पान उलटसुलट केलं,
‘छान’ शोधलं, ‘बरी’ तरी शोधलं. नव्हतं.
होतं ते एवढंच :
शिकाऊने फडकं घेतलं. मुलं पाण्यात बोटं ओढत होती.
शिकाऊने फडकं खाली ठेवलं.
खाली बसली. तिनेही बोट ओढलं.

पास की नापास, विचारायला बाईंच्या खोलीत गेले.
बाई नव्हत्या. टेबलावर त्यांची वही उघडी,
कडा सुटलेली.
सव्वीस वर्षं झाली त्यांना.
आजच्या तारखेखाली एक ओळ, तिच्यात एक शब्द खोडलेला,
इतका दाबून,
की मी उजेडाकडे धरून पाहिलं तरी वाचता आला नाही.