शेरा

सकाळी साडेआठला मी भांडं भरते.
चार फूट रुंद, वीतभर खोल,
वर जाळी, खाली पांढऱ्या लाकडाची बैठक.
काल जिथवर पाणी होतं त्या टोकापर्यंत
मापानं पुन्हा ओतायचं
आणि ओतलं किती, ते लिहायचं.
एवढंच काम. सव्वीस वर्षं.

आमचे डिमेलो म्हणतात, बाई,
पाऊस मोजणाऱ्याला लोक थांबवून विचारतात,
तुम्ही मोजता ते तर कुणाला दिसतही नाही.
खरंय.
सांताक्रूझच्या या कुंपणाआड
न दिसणाऱ्याची मी वही ठेवते.
फेब्रुवारीत चार, साडेचार.
काल सहा पूर्णांक दोन मिलिमीटर.
एवढं वर गेलं. सही.

मार्चातली दुपार मात्र अंगावर येते.
खारा वारा अकरापर्यंत यायचा,
बारा वाजतात, एक वाजतो,
वातकुक्कुट पूर्वेकडेच तोंड करून
रुसलेल्या जावयासारखा.
पारा अडतीस. एकोणचाळीस.
पत्र्याच्या शेडखाली कुत्रंही बोलत नाही.
मग कधीतरी दोनच्या सुमाराला
कोंबडा कुरकुरत वळतो,
मानेवरचा घाम एकदम गार लागतो,
वर्सोव्याकडून सुक्या बोंबलाचा वास येतो.
डिमेलो घड्याळ बघतात,
"आला साहेब. लेटमार्क लावा."

मी आटपाडीची.
घाटाच्या पाठीकडे जन्मलेली.
भूगोलाच्या पुस्तकात आमच्या वाट्याला
एकच शब्द होता, पर्जन्यछाया.
छाया म्हटल्यावर मला वाटायचं,
झाड असेल कुठेतरी मोठं.
झाड नव्हतं. डोंगर होता,
येईल त्या ढगाला पुढच्या दारातच
झडती घेऊन रिकामा सोडणारा.

आईनं लाटलेला पापड तिथे घटकेत वाजायचा.
इथे माझा पापड तीन दिवस गच्चीवर पडून
लहान मुलाच्या कानासारखा मऊ.
जुलैत मिठाच्या बरणीला पाझर,
जानेवारीत गोधडी पेटीतच.
तिकडे पहाटेचं पाणी हाताला चावायचं.
समुद्र या शहराला
धड तापू देत नाही, धड निवू देत नाही,
झोपेतसुद्धा अंगावरचा हात काढत नाही.

परवा आठ ओतावे लागले.
ऊन मळकट होतं, वारा पडलेला,
आकडा काही बसेना.
वाकून पाहिलं,
जाळीची एक तार उसवलेली,
काठावर कावळ्याची शिट,
आणि तळाशी अर्धी चपाती,
भिजवायला आणून विसरलेली.

अशा नोंदीला कंस करायचा,
शेऱ्यात लिहायचं, पक्षी.
लिहिलं.
मग पेनचं टोपण लागेना.
कावळ्यानं प्यायलं ते काय राहणार आहे त्याच्याकडे?
दुपारी गुलमोहरावर चोच उघडी टाकून
धापा टाकत बसतो ना तो,
तेव्हा जातंच की.
माझ्या भांड्यातून नाही, त्याच्या घशातून,
थोडं वळसा घालून, थोडं उशिरानं.
वहीत वळशाला रकाना नाही.
कंस तसाच ठेवला.
जाळीला नवी तार लावली.

रात्री आईचा फोन.
"दुपारी आलेवते गं ढग, तुझ्याकडचे.
वरनं वरनं गेले."
काय सांगू तिला,
रोज पाठवते आहे, मोजून, सही करून,
मधे डोंगर आहे.

"बरं," म्हणाली, "पापड धाडलेत
बस्त्यांच्या पोराबरोबर.
डबा उघडलास की लगेच संपव.
तिकडची हवा खाते."